उचलबांगडी ते अंगणवाडी

श्रोतेहो, जून महिना लागला की आपल्याकडे पेरणीची घाई सुरू होते. त्याच दिवसांत गावोगाव आणखी एक गडबड चालू असते. तीन-साडेतीन वर्षांच्या पोराला सकाळी न्हाऊमाखू घालतात, डोक्याला चपचपीत तेल लावतात, आणि आई, आजी नाहीतर थोरली बहीण त्याचे बोट धरून त्याला अंगणवाडीत नेऊन सोडते. काही मुले धावतच आत शिरतात. काही मात्र उंबऱ्याशीच थबकतात. आईच्या पदरात तोंड खुपसतात. नाव विचारले तर मान खाली घालतात. खाऊ हातावर ठेवला तर मुठीत घट्ट धरून बसतात, खात मात्र नाहीत. अशा मुलाला आपण 'बुजरं आहे हो' म्हणतो, आणि बहुधा त्याच दमात पुढे म्हणतो, 'रडू द्या चार दिवस, होईल आपोआप सरळ.'

हे बुजरे मूल खरोखरच आपोआप सरळ होते का? त्याला आपलेसे करावे कसे, हे माणसाला केव्हा आणि कसे उमगत गेले? आज आपल्याला याविषयी बोलायचे आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. पण लहान मुलाच्या शाळेतल्या पहिल्या दिवसालाही इतिहास आहे, आणि तो आपल्या घराच्या फार जवळचा आहे.

आधी माझीच गोष्ट सांगतो. मी पाच वर्षांचा असताना मला शाळेत घातले. पहिल्या दिवशी मी गेलो, दुसऱ्या दिवशी कणगीमागे लपून बसलो. गुरुजींनी चौथीतली चार दांडगी पोरे पाठवली. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय, आणि भर गल्लीतून माझी वरात निघाली. बायाबापड्या दारात उभ्या राहून हसत होत्या. यालाच आपण उचलबांगडी म्हणतो. हल्ली हा शब्द अधिकाऱ्यांच्या बदल्यांच्या बातम्यांत वाचायला मिळतो. मी तो अंगावर सोसलेला आहे. त्याच दिवशी माझ्या शेजारच्या घरातला माझा सोबतीही असाच उचलून आणला होता. मी रडून रडून थकलो आणि बसून राहिलो. तो मधल्या सुट्टीत कुंपणाखालून निसटला, आणि पुन्हा काही शाळेत आला नाही. त्याच्या घरच्यांनाही गुरे राखायला एक हात हवाच होता. आज आम्ही दोघेही चाळिशी ओलांडली आहे. गावी गेलो की तो बँकेचा कागद घेऊन माझ्याकडे येतो आणि म्हणतो, "एवढं वाचून सांग रं." तो कागद वाचताना मला दर वेळी ती मधली सुट्टी आठवते. माझ्यापेक्षा तो काही कमी हुशार नव्हता. त्या दिवशी त्याला जवळ घेणारे तिथे कोणी नव्हते, एवढेच.

म्हणून हा विषय मला क्षुल्लक वाटत नाही.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मुलाचे स्वागत होत नसे असे नाही. चांगला दिवस पाहून पाटीपूजन व्हायचे, धुळाक्षरे गिरवायची, आणि नव्या मुलाकडून शाळेतल्या सगळ्या पोरांना खाऊ वाटला जायचा. विचार करा, हा खाऊ कशासाठी? नव्या मुलाची जुन्यांशी ओळख व्हावी, त्याला त्यांनी आपला म्हणावे, यासाठीच ना? म्हणजे आपल्या पूर्वजांना मुलाचे मन कळत होते. पण ते कळणे पहिल्या दिवसापुरतेच राहिले. दुसऱ्या दिवसापासून छडी, अंगठे धरणे आणि न येणाऱ्याची उचलबांगडी. शाळा आपल्या जागी बसून राही, आणि मुलाने तिच्याकडे यावे. राजीखुशीने नाही आले, तर ओढून आणावे, असा एकंदर रिवाज होता.

हा रिवाज केवळ आपल्याकडेच होता असेही नाही. युरोपातही तो होता. तो मोडायला सुरुवात कुठे झाली म्हणाल, तर एका डोंगराळ खेड्यात, आणि तीही एका साध्या शेतकऱ्याच्या मुलीकडून. फ्रान्सच्या पूर्वेला व्होझ नावाचे डोंगर आहेत. तिथल्या एका गरीब खोऱ्यात १७६७ साली ओबरलिन नावाचे एक धर्मोपदेशक राहायला आले. त्या भागात सारा बांझे ही तरुण मुलगी आपल्या घरात, शेगडीच्या उबेला, शेजारपाजारची लहान मुले जमवून त्यांना विणकाम शिकवीत असे. ओबरलिनने हे पाहिले, आणि १७६९ साली तिला पगार देऊन हेच काम पुढे चालवायला सांगितले. हळूहळू त्या खोऱ्यातल्या इतर गावांतही अशा शेगडीभोवतीच्या शाळा निघाल्या. लहान मुलांसाठीच्या जगातल्या पहिल्या काही शाळांत त्यांची गणना होते. विणताना गोष्टी व्हायच्या, गाणी व्हायची, झाडापानांची नावे सांगितली जायची. पण मला महत्त्वाचे वाटते ते दुसरेच. मूल आपल्या घरून निघून शाळेत जात नव्हते; ते ओळखीच्या घरात, ओळखीच्या ताईजवळ, ओळखीच्या उबेला जाऊन बसत होते. सारा १७७४ साली तरुणपणीच वारली. तिच्या कामाची आठवण मात्र राहिली.

त्यानंतर चाळीसएक वर्षांनी स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क इथल्या सूतगिरणीचा मालक रॉबर्ट ओवेन याने १ जानेवारी १८१६ रोजी कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. नुकती चालू लागलेली मुलेही तिच्यात घेतली जात. या मुलांसाठी त्याने पंडित शोधला नाही. जेम्स बुकॅनन नावाचा एक विणकर आणि मॉली यंग नावाची सतरा वर्षांची गिरणीतली मुलगी, अशी दोघांची निवड केली. का? तर दोघांनाही मुलांची मनापासून आवड होती आणि धीर अपार होता. ओवेनने त्यांना सांगून ठेवले होते, की मुलाला मारायचे नाही, दमही द्यायचा नाही, नेहमी हसतमुखाने आणि गोड आवाजात बोलायचे. आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. नवे मूल खेळाच्या अंगणात आले की त्याला पहिला धडा अक्षरांचा नव्हता. आपल्या सोबत्यांना दुखवू नकोस, त्यांना सुखी करण्यासाठी जे जमेल ते कर, हा तो धडा होता. चार ते सहा वर्षांच्या मुलांनी त्यांच्याहून धाकट्यांची काळजी घ्यायची, असेही ठरलेले होते. म्हणजे नव्या मुलाला सामावून घेण्याचे काम एकट्या शिक्षकाचे नव्हते, ते जुन्या मुलांचेही होते. पाटीपूजनाच्या खाऊमागचा विचार इथे रोजच्या वागणुकीत उतरला, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे १८३७ साली जर्मनीत ब्लँकनबुर्ग इथे फ्रेडरिक फ्रोबेल याने लहान मुलांसाठी खेळांची संस्था काढली, आणि १८४० साली तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. फ्रोबेल वर्षाचाही नव्हता तेव्हाच त्याची आई गेली होती. त्याने मुलाच्या हातात पहिले खेळणे दिले ते लोकरीच्या मऊ चेंडूचे, आणि मुलांना बसवले गोलात. रांगेत बसले की एक पुढे आणि एक मागे होतो. गोलात शेवटचा कोणीच नसतो. बुजऱ्या मुलाला ही गोष्ट न बोलता कळते.

आता आपण रोम शहरात जाऊ. तिथे सान लोरेंझो नावाची गरिबांची वस्ती होती. मोठमोठ्या चाळी, आईबाप दिवसभर मजुरीला, आणि पोरे जिन्यात आणि भिंतींवर रेघोट्या ओढत हिंडणारी. चाळींच्या मालकमंडळींना भिंतींची काळजी होती, म्हणून त्यांनी एक खोली देऊन डॉक्टर मारिया माँटेसोरी या बाईंना मुले सांभाळायला सांगितले. ६ जानेवारी १९०७ रोजी ते 'बालगृह' सुरू झाले. पन्नासेक मुले आली. माँटेसोरीबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे, की ती पहिल्या दिवसाची मुले रडवेली, भेदरलेली होती. इतकी बुजरी, की त्यांच्या तोंडून शब्द निघेना. आज जगभर ज्यांच्या नावाने शाळा चालतात, त्या बाईंच्या पहिल्या वर्गाची सुरुवात अशी होती, हे आपल्या अंगणवाडीच्या ताईंनी जरूर लक्षात ठेवावे!

मग ती मुले खुलली कशी? एक तर बालगृह त्याच चाळीत होते. आई कामावरून येता-जाता डोकावू शकत होती. मुले सांभाळणाऱ्या बाईने त्याच इमारतीत राहावे असा नियम होता, त्यामुळे ती परकी राहिली नाही. दुसरे असे, की मुलांचा मान राखला गेला. माँटेसोरीबाईंनी सांगितलेला एक प्रसंग आहे. एकदा त्यांनी मुलांना नाक कसे शिंकरावे याचा धडा दिला. रुमाल हळूच कसा काढावा, आवाज न करता नाक कसे पुसावे, हे करून दाखवले. आता मुले हसतील असे त्यांना वाटले. पण मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. का बरे? तर 'शेंबड्या' म्हणून सगळे त्यांना हिणवत आले होते, पण नाक पुसायचे कसे हे न हिणवता कोणी दाखवलेच नव्हते. बुजरेपणाच्या मुळाशी पुष्कळदा अशी हिणवणूक असते. ती काढून घेतली की निम्मे काम होते.

रोममधला हा विचार आपल्याकडे पोचवण्यात गिजुभाई बधेका यांचा मोठा वाटा आहे. ते पेशाने वकील. सौराष्ट्रातल्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. मुलांवर त्यांची माया एवढी, की लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशा असलेली आई, म्हणू लागले. त्यांच्या कामाची कीर्ती ऐकून एक मराठी बाई राजकोटच्या कॉलेजातले प्राचार्यपद सोडून त्यांच्याकडे गेल्या. त्या म्हणजे ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहारही चालवला.

पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट टोचत होती. माँटेसोरीची साधने महागडी. शहरातल्या खात्यापित्या घरांतली मुले त्या साधनांशी खेळत होती. खेड्यातल्या मुलाचे काय? शेवटी १९४५ साली, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या मुंबई सोडून डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि तिथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता २०१४ पासून पालघर जिल्हा. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. बालवयातच लग्न झाले आणि बालवयातच वैधव्य आले. तरीही त्या शिकल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. ती नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या आणि मग आयुष्यभर त्या भागातच राहिल्या.

बोर्डीला बालवाडी सुरू झाली. साधने कशाची? शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, काड्या, मातीची बोळकी. गावात फुकट मिळेल ते. गाणी, गोष्टी, खेळ, सगळे होते. बऱ्या घरांतली मुले येऊ लागली. पण ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती गरीब वस्तीतली, त्या काळी हरिजनवाडा म्हणत तिथली मुले येईनात. बोलावले तर पळून जात. आता विचार करा, त्या मुलांनी यावे तरी कसे? अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या 'लांब हो' एवढेच ऐकलेले. त्या मुलाचे बुजरेपण हे एकट्या मुलाचे नव्हते, ते सगळ्या वस्तीचे होते. त्याला 'ये रे बाळ' म्हणून बोलावणारी बालवाडी कितीही सुंदर असली, तरी ती त्याच्या दृष्टीने दुसऱ्यांची होती.

इथे दोन वाटा होत्या. एक वाट जुनीच, म्हणजे उचलबांगडी, किंवा 'यांना शिक्षणाची गोडीच नाही' म्हणून स्वस्थ बसणे. ताराबाई आणि अनुताईंनी दुसरी वाट धरली. मुले येत नाहीत ना? मग आपण जाऊ. त्या आणि त्यांच्या कार्यकर्त्या वस्तीत गेल्या. मुलांचे हातपाय धुतले, अंघोळी घातल्या, केस विंचरले. त्यांच्याच घरापुढच्या अंगणात बसून गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. आई दारात भाकऱ्या थापते आहे, आजी धान्य निवडते आहे, कोंबड्या मधूनच पळताहेत, आणि त्यातच बालवाडी भरली आहे, असा तो प्रकार. मुलाने आईचा पदर सोडण्याचा प्रश्नच उरला नाही, कारण आई तिथेच होती. अंगणात भरली म्हणून तिला नाव पडले अंगणवाडी.

श्रोतेहो, हा शब्द आज आपल्या इतका सवयीचा झाला आहे, की त्यातले 'अंगण' आपल्याला ऐकूच येत नाही. ते पुन्हा ऐकावे, म्हणून तर आजचा हा प्रपंच.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. तिथे नव्या अडचणी आल्या. मुले गुरे घेऊन रानात जात. शाळेच्या वेळी ती कुरणात असत. मग शाळाच कुरणात गेली. ती झाली कुरणशाळा. मुली येत नसत, कारण धाकटे भावंड कडेवर असे. त्याला सांभाळायचे कोणी? तेव्हा अनुताईंनी सांगितले, त्यालाही घेऊन ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिन्ही एकाच ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हटले. थोरली ताई पलीकडे पाटीवर लिहिते आहे आणि धाकटा अलीकडे खेळतो आहे; मान वर करून पाहिले की ताई दिसते. बुजऱ्या मुलाला याहून मोठा धीर कुठला असणार?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, आणि १९७३ साली त्या गेल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्याही गेल्या. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मचरित्र शिक्षकांनी मिळवून वाचावे असे आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा देशात ३३ ठिकाणी प्रकल्प निघाले. त्यांच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या एका वस्तीतल्या अंगणातला हा शब्द काश्मीरपासून केरळपर्यंत गेला, याचा आपल्याला अभिमान वाटतो, आणि वाटावाच.

पण नाव गेले म्हणजे मर्म गेलेच असे नाही. म्हणून आता शास्त्रज्ञ काय सांगतात तेही थोडक्यात पाहू. १९५२ साली इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन या गृहस्थांनी एक चित्रपट काढला. अडीच वर्षांची एक मुलगी आठ दिवस इस्पितळात राहते, एवढीच त्याची कथा. त्या काळी आईबापांना मुलाजवळ थांबू देत नसत. मूल दोन दिवसांनी गप्प होई, आणि परिचारिका म्हणत, 'पाहा, रुळलं.' रॉबर्टसनने दाखवून दिले, की गप्प झालेले मूल रुळलेलेच असते असे नाही. आधी ते आकांत करते, मग आशा सोडते, आणि शेवटी मायेची माणसेच मनातून दूर सारते. रडणे थांबले याचा अर्थ दुःख थांबले असा नव्हे. या आणि अशा अभ्यासाचा परिणाम होऊन १९५९ साली इंग्लंडमध्ये सरकारी समितीने आईबापांना मुलाजवळ येऊ द्यावे अशी शिफारस केली. इस्पितळाचे आठ दिवस आणि अंगणवाडीचे तीन तास यांत पुष्कळ अंतर आहे, हे खरे. पण 'रडू द्या, आपोआप गप्प होईल' असे म्हणताना ही गोष्ट आठवावी.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून पुष्कळ मुले तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत पाहिली. त्यांना आढळले, की शंभरांतली सुमारे १५ मुले स्वभावानेच सावकाश रुळणारी असतात. नवे माणूस, नवी जागा दिसली की ती मागे सरतात. पण घाई केली नाही, पुन्हा पुन्हा तेच माणूस आणि तीच जागा दिसू दिली, तर ती आपल्या पायांनी पुढे येतात. घाई केली, तर आणखी मागे जातात. म्हणजे बुजरेपणा हा दोष नव्हे, आजार नव्हे, आणि आईच्या लाडांचे फळ तर मुळीच नव्हे.

आता अंगणवाडीच्या ताईंना, बालवाडीच्या बाईंना आणि घरच्या मंडळींना चार गोष्टी सांगतो. यांत माझे स्वतःचे थोडेच आहे. वर जो इतिहास सांगितला, त्यातूनच त्या निघतात.

पहिली गोष्ट. मूल तुमच्याकडे येण्याआधी तुम्ही मुलाकडे जा. जून लागण्याआधी एकदा त्याच्या घरी जाऊन दहा मिनिटे बसा. त्याच्याशी नाही बोललात तरी चालेल. त्याच्या आजीशी बोला, त्याच्या शेरडाच्या करडाला गोंजारा. मूल कोपऱ्यातून सगळे पाहत असते. आपल्या अंगणात बसून गेलेली ताई त्याला मग परकी वाटत नाही. घरी वारली, अहिराणी, पावरी अशी जी बोली बोलत असतील, तिच्यातले चार शब्द ताईच्या तोंडी असले, तर त्याची भीती निम्म्याने सरते.

दुसरी गोष्ट. पहिले काही दिवस आईला, आजीला बसू द्या. आधी दाराच्या आत, मग दारात, मग ओट्यावर. आणि आईने जाताना सांगून जावे. मुलाची नजर चुकवून सटकू नये. फसवून गेलेल्या आईची वाट पाहणारे मूल खेळात रमत नाही, त्याचा डोळा दाराकडेच राहतो. 'मी पाणी भरून येते,' म्हणाली, तर पाणी भरून यावे. हा शब्द पाळला गेला की दोन-चार दिवसांत मूल स्वतःच म्हणते, 'जा तू.'

तिसरी गोष्ट. 'गाणं म्हण, नाव सांग, सगळ्यांसमोर उभा राहा,' असा आग्रह धरू नका. त्यापेक्षा लहानसे काम द्या. पेले मांडायला द्या, बिया वेगळ्या करायला द्या, फुले ताटात ठेवायला द्या. हात कामात गुंतले की जीभ मोकळी होते. आणि त्याच्या देखत 'हा फार लाजतो हो' असे कोणालाही सांगू नका. मूल ऐकत असते, आणि आपण म्हणू तसेच होऊन बसते.

चौथी गोष्ट ओवेनच्या शाळेतली. नव्या मुलाला एक सोबती नेमून द्या, आणि तो फार दांडगा नसावा, शांतच असावा. 'हा आजपासून तुझ्याशेजारी बसेल, याला पाण्याची जागा दाखव' एवढे सांगितले तरी पुरते. एकदा एक सोबती मिळाला की मुलाला सगळा वर्ग मिळतो. आणि मुले जर कोणाला जातीवरून, कपड्यांवरून, बोलीवरून वेगळे बसवू लागली, तर तिथे मात्र ताईने स्वतः त्या मुलाशेजारी जाऊन बसावे. दहा उपदेशांचे काम तेवढ्याने होते.

कोणी म्हणेल, आमच्या ताईंना नोंदवह्या भरायच्या असतात, आहार वाटायचा असतो, वजने घ्यायची असतात, त्यांनी हे केव्हा करावे? तक्रार खोटी नाही. ताईंवर कामाचा बोजा फार आहे आणि मानधन थोडे. म्हणून हे एकट्या ताईंवर सोडून चालणार नाही. गावातल्या आज्यांनी आठवड्यातून एक दिवस अंगणवाडीत येऊन बसावे, प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी कधी चक्कर टाकावी, ग्रामपंचायतीने इमारत बांधताना पुढे चार माणसे बसतील असा ओटा आणि थोडे अंगण राखावे. अंगणच नसेल, तर आईने बसावे कुठे?

शेवटी पुन्हा माझ्या सोबत्याकडे येतो. गेल्या जूनमध्ये त्याची नात गावच्या अंगणवाडीत जाऊ लागली. पोर आजोबांसारखीच बुजरी. पहिल्या दिवशी ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. सोबती तिला आत ढकलणार, एवढ्यात तिथल्या ताई म्हणाल्या, "राहू द्या काका, तिला तिथं बरं वाटतंय तर तिथं. तुम्हीही बसा." तो ओट्यावर बसला. असे आठ दिवस त्याने शेतातले काम दुपारवर ढकलले. नवव्या दिवशी नात आत गेली आणि मागे वळून न पाहता बियांच्या डब्याशी जाऊन बसली. हे त्याने मला अगदी सविस्तर सांगितले, दोनदा सांगितले. मग जरा थांबून म्हणाला, "आपल्या वेळेला असं कोणी बस म्हणालं असतं, तर?"

त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्याचा कागद मी वाचून दाखवला. आता मात्र तो म्हणतो, की चार वर्षांनी हे काम नात करील.

या जूनमध्ये तुमच्या गावातही कोणी मूल चौकटीला धरून उभे राहील. त्याला आत ओढू नका, आणि परतही पाठवू नका. त्याच्याजवळ जाऊन थोडा वेळ बसा.